एटोरव्हास्टॅटिन : आठ महिने, आणि मधला सव्वा महिना बंद

एटोरव्हास्टॅटिन २० एमजी (कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातली गोळी) सुरू करून आठ महिने झाले. मधला सव्वा महिना मी डॉक्टरांना न विचारता बंद ठेवली होती, त्याबद्दलच जास्त लिहितोय, कारण अशी सोडून देणारे खूप आहेत.

एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) १६८, वडिलांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आलेला, आणि मला स्वतःला मात्र काहीच त्रास नाही. डॉक्टरांनी समजावलं की लिव्हर स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, ते गोळीने कमी झालं की लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. दीड महिन्यात ९६. अंगात फरक शून्य. डोकेदुखीची गोळी घेतली तर तासाभरात कळतं, इथे जे टळलं ते कधी दिसतच नाही, म्हणून टिकून राहणं अवघड जातं.

तिसऱ्या महिन्यात पोटऱ्या दुखायला लागल्या. स्टॅटिनने स्नायू दुखतात हे वाचलेलं होतंच, लगेच गोळी बंद केली. आठवड्याभरात पाय बरे, पण पुढच्या टेस्टला एलडीएल १६१! डॉक्टर रागावले नाहीत, सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) आणि थायरॉईड तपासलं, दोन्ही नॉर्मल, मग सॅमसन ट्रायलबद्दल सांगितलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, काही महिने काहीच नाही असं दिलं, आणि स्टॅटिनवर जेवढा त्रास व्हायचा त्यातला साधारण ९० टक्के त्या नुसत्या गोळीवरही झाला. खरं सांगतो, ऐकून आधी वाईट वाटलं, कारण माझं दुखणं खोटं नव्हतं. त्यांचंही खोटं नव्हतं, दुखत होतंच, फक्त बहुतेक वेळा कारण औषध नव्हतं. परत सुरू केली, पाय दोन आठवडे कुरकुरले आणि थांबले. (क्वचित स्नायूंना खरोखर इजा होते, खूप अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.)

दुसरं म्हणजे एचडीएल. माझं ३८ चं ३९ झालं, बस. मग ते 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढवायचं औषध का देत नाहीत? तर तसं आलं होतं, टॉरसेट्रॅपिब, एचडीएल भरपूर वाढवायचं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले म्हणून २००६ मध्ये ट्रायल थांबवली. तेव्हापासून रिपोर्टवरचा नुसता आकडा बघून मी खूश होत नाही. स्टॅटिनमागे मात्र १९९४ ची फोर-एस ट्रायल आहे, हृदयरोग असलेले ४,४४४ लोक, आणि सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनने एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले.

मला अजून अटॅक आलेला नाही, त्यामुळे माझा फायदा लहान. एलडीएल ३९ ने उतरलं की अटॅक-स्ट्रोकचा धोका साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, म्हणजे दहा वर्षांत शंभरात दहा जणांना होणार असेल तर आठ जणांना. कोणाला हे फार वाटणार नाही. मी वडिलांना आयसीयूत बघितलंय, मला हे दोन जण खूप वाटतात.

आता डोस ४० करू का विचारलं तर डॉक्टर म्हणाले डबल करून जेमतेम सहा टक्के आणखी उतरेल, त्यापेक्षा एझेटिमाईब जोडू, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं कमी करते. एलडीएल ९४ चं ७४ झालं. एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) नॉर्मल, फास्टिंग शुगर ९८ वरून १०३, स्टॅटिनने थोडी वाढू शकते म्हणून ती तीन महिन्यांनी परत तपासायचीय.