विशनसर ते गंगाबल : ट्राउटच्या मासेमारीसाठी आखलेल्या एका पदभ्रमण सेवेविषयी

काश्मीरमधील उंचावरच्या सरोवरांची वाट महाराष्ट्रातील गिर्यारोहकांना नवीन नाही. सोनमर्गजवळच्या शितकडीहून निघून निचनई खिंड, विशनसर, किशनसर, गडसर, सतसर आणि गंगाबल असे करत नारानागला उतरणारा हा सुमारे ७० किलोमीटरांचा मार्ग जुलै ते सप्टेंबर या काळात चालता येतो, आणि त्या दिवसांत तेथील तंबूंमधून मराठी हमखास ऐकू येते. मात्र या सरोवरांत ट्राउट आहेत व रीतसर परवाना घेऊन ते गळाने पकडता येतात, हे माहीत असणारे त्यांत थोडे असतात. ज्यांना माहीत असते त्यांनाही नेहमीच्या सहलीत गळ टाकण्यासाठी पुरेसा वेळ मिळत नाही. सोनमर्गचा एक लहान स्थानिक आयोजक हाच मार्ग खास मासेमारीसाठी आखून देतो. त्याच्या सेवेचा अनुभव येथे लिहीत आहे. अशी निवड करताना नेमके काय पाहावे, हे वाचकाला त्या एका नावापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल असे वाटल्यामुळे नाव दिलेले नाही.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिचे वेळापत्रक. उन्हाळ्यात ट्राउट पहाटेनंतरच्या दोन-तीन तासांत आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर काठाजवळ खाण्यासाठी येतात. भर दुपारी ऊन थेट पाण्यात उतरते, बहुधा वाराही सुटतो आणि मासे खोल जातात. प्रचलित सहलींत गट दुपारी थकून मुक्कामी पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पुढे निघतो, त्यामुळे कामाच्या दोन्ही वेळा हातच्या जातात. या आयोजकाने विशनसर आणि गंगाबल या दोन ठिकाणी एकेक जादा मुक्काम ठेवला आहे. त्यासाठी सतसरला लागणारा वेळ त्याने आवरता घेतला आहे, आणि तो निर्णय मला पूर्णपणे पटला. या जादा मुक्कामाचा प्रकृतीलाही फायदा होतो. सुमारे २,७०० मीटरांवरच्या सोनमर्गहून निघालेला माणूस ४,१०० मीटरांच्या आसपास असलेली निचनई खिंड ओलांडून ३,७०० मीटरांवरच्या विशनसरला येतो, तेव्हा पुढची, त्याहूनही उंच असलेली गडसर खिंड चढण्यापूर्वी शरीराला एक दिवस मिळणे आवश्यकच असते.

वाटाड्याचे पाण्याविषयीचे ज्ञान उत्तम होते. किशनसरचे पाणी एका ओढ्याने विशनसरमध्ये येते. तो आम्हांला थेट त्या ओढ्याच्या मुखाशी घेऊन गेला, कारण वाहत्या पाण्याबरोबर येणारे किडे टिपण्यासाठी मासे तेथेच थांबतात. पाणी इतके नितळ असते की काठावर उभ्या राहिलेल्या माणसाची सावली पडताच मासा नाहीसा होतो. म्हणून काठापासून काही पावले मागे, वाकून किंवा गुडघ्यांवर बसून गळ टाकावा, सूर्य पाठीशी असेल तर जागा बदलावी, आणि पहिली फेक पायाशी असलेल्या उथळ पाण्यात करून मगच लांब जावे, असा त्याचा आग्रह होता. घाईने पहिलीच फेक सरोवराच्या मध्याकडे करणाऱ्यांना तो शांतपणे थांबवत असे. गंगाबलचे पाणी ज्या ओढ्याने खालच्या नुंदकोलमध्ये उतरते, तेथेही त्याने हीच पद्धत वापरली. हरमुख पर्वताच्या हिमनद्यांखाली पसरलेल्या गंगाबलचा काठ दोन किलोमीटरांहून लांब आहे, आणि जाणकार सोबत नसेल तर नवख्या माणसाची अख्खी सकाळ केवळ जागा शोधण्यात जाईल.

माशांच्या आकाराबाबत आयोजकाने आधीच स्पष्ट कल्पना दिली होती, याचा विशेष उल्लेख करावासा वाटतो. ही सरोवरे वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असतात, माशांना खाऊन वाढण्यासाठी मिळणारा काळ थोडा असतो, त्यामुळे येथील बहुतेक ट्राउट लहान असतात. मोठ्या माशाची छायाचित्रे दाखवून आगाऊ रक्कम घेण्याचा मोह त्याने टाळला. ज्यांना वजनदार ट्राउट हवा आहे त्यांनी खालच्या नद्यांवर जावे, असे त्याने नोंदणीच्या वेळीच सांगितले.

हा मासा काश्मीरचा मूळचा नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठवलेली तपकिरी ट्राउटची अंडी प्रवासातच नष्ट झाली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली, श्रीनगरजवळच्या हारवन येथे माशांची पैदास सुरू झाली आणि तेथून ट्राउट खोऱ्यातल्या ओढ्यानाल्यांत पसरला. खोऱ्यातला मूळचा शिझोथोरॅक्स नावाने ओळखला जाणारा मासा कार्पच्या कुळातला आहे आणि ट्राउटशी त्याची खाद्य व जागा यांसाठी स्पर्धा होते. वाटाड्याला हे सर्व माहीत होते, आणि रात्रीच्या जेवणानंतर तो त्याविषयी मनापासून बोलत असे. त्या गप्पा मला या सेवेचाच एक भाग वाटल्या; ज्या पाण्यात आपण गळ टाकतो त्याची हकिगत कळली की हातातल्या माशाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

परवान्याचे कामही चोख होते. जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचा परवाना प्रत्येकाच्या नावाने, नेमक्या तारखांसह आणि पाण्याच्या नावासह काढलेला होता, आणि किती मासे ठेवता येतील व कोणता गळ चालेल याच्या अटी प्रत्येकाला निघण्यापूर्वी वाचून दाखवण्यात आल्या. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, त्यामुळे मूळ ओळखपत्र सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांतली पहिली मला गंभीर वाटते. भाड्याने दिलेल्या सामानात फ्लायच्या, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या नकली आमिषाने मासे पकडण्याच्या, दोन काठ्या बऱ्या होत्या, पण बाकीच्या काठ्यांसोबत दिलेल्या चमच्यांना, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या धातूच्या चकाकत्या आमिषांना, तीन आकड्यांचे गळ होते. असा गळ लहान ट्राउटच्या जबड्यात आणि कल्ल्यांत एकाच वेळी रुततो, आणि तो सोडवताना माशाला अधिक इजा होऊन पाण्यात परत सोडल्यावर तो जगण्याची शक्यता कमी होते. विनंती केल्यावर मदतनिसाने पक्कडीने दोन आकडे तोडले व तिसऱ्याचा उलटा काटा, म्हणजे मासा निसटू नये म्हणून टोकाजवळ असलेले उलटे टोक, दाबून दिला. हे काम गट निघण्यापूर्वीच व्हायला हवे होते. मासा सोडून देण्याची भाषा जो आयोजक करतो, त्याच्या पेटीत असे गळ असताच कामा नयेत. मासा धरण्यापूर्वी हात ओले करणे, त्याला पाण्याबाहेर क्षणभरच ठेवणे आणि तो स्वतःहून पोहत जाईपर्यंत पाण्यात आधार देणे, या गोष्टी वाटाडा स्वतः काटेकोरपणे पाळत होता, पण नव्या सभासदांना त्या शिकवण्यासाठी त्याने पहिल्या दिवशी अर्धा तास राखून ठेवला असता तर बरे झाले असते.

दुसरी तक्रार स्वयंपाकाच्या तंबूची आहे. नुंदकोलच्या काठी भांडी साबण लावून थेट ओढ्यात धुतली जात होती. ज्या ओढ्याने हे सरोवर भरते, त्यातच साबण सोडणे कोणत्याही सबबीने योग्य ठरत नाही. शिवाय गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे श्रद्धास्थान आहे. हरमुखची यात्रा तेथपर्यंत येते. सांगितल्यावर हा प्रकार थांबला, पण तो ग्राहकाने सांगेपर्यंत चालू राहायला नको होता.

जेवण साधे आणि गरम होते, तंबू कोरडे राहिले, घोडेवाले वेळेवर पोहोचत. अटींनुसार ठेवलेले मोजके मासे एका संध्याकाळी मीठ, हळद आणि मिरची लावून मोहरीच्या तेलात तळण्यात आले, आणि त्या उंचीवर त्याहून अधिक मसाल्याची गरज कोणालाही भासली नाही.

जाण्याचा विचार असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध मी सुचवेन. जुलैत खिंडींमध्ये बर्फ असू शकतो, गडसरच्या पाण्यावर हिमखंडही तरंगताना दिसतात, आणि ओढे फुगलेले असल्यामुळे त्यांच्या मुखाशी गळ टाकणे अवघड जाते. तपकिरी ट्राउट शरद ऋतूत ओढ्यांच्या खडीत अंडी घालतात, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस ओढ्यांत जमू लागलेल्या जोड्यांना त्रास देऊ नये. आपल्याकडे महसीरसाठी वापरतात त्या जाड दोऱ्याच्या भक्कम काठ्या येथे निरुपयोगी आहेत. चार-पाच तुकड्यांत सुटणारी हलकी फ्लायची काठी, बारीक दोरा, उलटा काटा नसलेले गळ आणि पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल एवढे स्वतःचे सामान न्यावे. काठी कडक नळीतच ठेवावी, कारण गंगाबलहून नारानागपर्यंतची वाट सुमारे १,३०० मीटर उतरते, शेवटचा टप्पा देवदारांच्या जंगलातून तीव्र उताराने जातो आणि तेथे दोन्ही हात मोकळे असावे लागतात.