लिओन्टीन प्राइस यांची 'आईदा': जुन्या एलपींचा एक संच

नाशिकच्या मेन रोडलगतच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून गेल्या महिन्यात मी इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या 'आईदा' या ऑपेराचा (गायनातून सादर होणाऱ्या नाटकाचा) तीन एलपींचा, म्हणजे मोठ्या तबकड्यांचा, संच १,८०० रुपयांना घेतला. अमेरिकन सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) लिओन्टीन प्राइस यांनी १९६१ साली रोममध्ये, वाद्यवृंद-संचालक गेओर्ग सोल्टी यांच्या संचालनाखाली गायलेली ही 'आईदा' आहे. ज्यांचा कान रागदारीवर तयार झाला आहे, त्यांनी तर ती अवश्य ऐकावी.

ऐकताना तिसऱ्या अंकापासून सुरुवात करावी. इजिप्तमध्ये बंदिवान झालेली इथिओपियाची राजकन्या आईदा रात्री नाईलच्या काठी उभी राहून आपला देश आता पुन्हा दिसणार नाही, असे गाते. अखेरीस सूर फार उंच चढतो आणि नेमक्या त्या जागी व्हेर्दींनी 'मधुर' अशी सूचना लिहून ठेवली आहे. प्राइस तो सूर आदळत नाहीत. श्वासावर तोलून अलगद नेतात, आणि खाली येतानाही त्याची गोलाई हरवू देत नाहीत. इटालियनचा एक शब्दही न कळणाऱ्या माझ्या आईने तबकडी थांबल्यावर विचारले, "ही माहेराची आठवण काढतेय का रे?"

अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी १९२७ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात प्राइस यांचा जन्म झाला. आई सुईण, वडील लाकडाच्या गिरणीत कामाला. १९५५ मध्ये त्यांनी टीव्हीवर 'तोस्का' हा ऑपेरा गायला, तेव्हा गायिका कृष्णवर्णीय म्हणून दक्षिणेतील काही टीव्ही केंद्रांनी ते प्रक्षेपण दाखवलेच नाही. अवघ्या सहा वर्षांनी, २७ जानेवारी १९६१ रोजी, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्या प्रथमच उभ्या राहिल्या आणि प्रेक्षकांच्या टाळ्या चाळीस मिनिटांहून अधिक वेळ थांबल्या नाहीत. ही 'आईदा' त्याच वर्षीची आहे, आणि ३ जानेवारी १९८५ रोजी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोपही त्यांनी याच भूमिकेने घेतला.

संचाबद्दल मात्र तक्रार आहे. दुकानदाराने 'पूर्ण संच' म्हणून दिला, पण घरी खोका उघडल्यावर संहितेची पुस्तिका नव्हती, आणि दुसऱ्या तबकडीच्या कडेला खरखर आहे. तिसरा अंक सुदैवाने स्वच्छ वाजतो. घेणाऱ्याने दुकानातच खोका उघडून तिन्ही तबकड्या उजेडात तिरक्या धरून पाहाव्यात आणि तिसरा अंक तिथेच लावायला सांगावा.