वाइआनुएनुए : हिलोचा इंद्रधनुषी धबधबा

हवाई बेटावरील हिलो शहरात वाइलुकू नदीवर असलेला, सुमारे ८० फूट उंचीचा वाइआनुएनुए धबधबा पाहायचा असेल, तर स्वच्छ उन्हाच्या सकाळी जावे. ज्या इंद्रधनुष्यावरून त्याला हे नाव मिळाले, ते बहुधा त्याच वेळी तुषारांत उमटते. वाहनतळापासून कठडा अगदी जवळ असल्याने वृद्धांनाही त्रास होत नाही. मी मात्र सर्वाधिक वेळ न्याहाळली ती धारेमागची काळीशार लाव्हाची गुहा. तेथे दंतकथांतील अर्धदेव मावीची आई हिना राहत असे आणि नदी अडवून तिला बुडवू पाहणाऱ्या कुना या सरड्यासारख्या महाकाय जलचरापासून मावीने तिला सोडवले, अशी हवाईयन परंपरा सांगते. अशा श्रद्धास्थानी कठडा ओलांडून खाली उतरणारे पर्यटक पाहून मन खिन्न झाले. जवळच्या वडाच्या पारंब्यांखालीही थोडा वेळ अवश्य थांबावे.