जबड्यावरचं जत्रेतलं ‘जडीबुटी’ तेल आणि त्यासोबतच्या कॅप्सूल

गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एका जत्रेत खाज्यांच्या दुकानांच्या ओळीतच जबड्याच्या दुखण्यावरचं तेल विकणारा बसला होता. एका शिक्षिकेला त्याने तिथे गंडवलं. हा प्रकार सगळीकडे जवळपास असाच चालतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी तो कानांच्या पुढे बोटं टेकवतो. “बाय, आ कर पाहू.” ‘टक्’ असा आवाज येतो. “सांधा निखळत चाललाय, उद्या ऑपरेशन सांगतील.” अर्धी विक्री इथेच होते. प्रत्यक्षात सांध्यातली चकती सरकताना होणारा हा आवाज कित्येक धडधाकट माणसांच्या जबड्यातही येतो. दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर त्यावर उपचार लागत नाहीत. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये बसली, की तोंड पुरेसं उघडतं असं समजावं.

मग तेल चोळतात. मिनिटभरात गारवा, ठणका कमी. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत ठेवलं की त्यांचं आपोआप पाणी होतं. ते तिळाच्या तेलात ओतलं की ‘हिमालयातली मुळी’ तयार. थोडा वेळ दुखणं विसरायला होतं, सांधा काही त्याने बरा होत नाही. त्यात गंधपुऱ्याचं तेल असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते रोज चोळणं धोक्याचं.

पण खरा गल्ला भरतो तो कॅप्सूलवर. शिक्षिकेच्या डबीवर ‘हळद 500 मिलिग्रॅम, सालई गुग्गुळ’ असं छापलेलं होतं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा तिचा मुख्य गुणकारी घटक साधारण 3 टक्के, म्हणजे 500 मिलिग्रॅममध्ये जेमतेम 15. सांधेदुखीच्या अभ्यासांत शेकडो मिलिग्रॅम अर्क देतात, आणि तोही रक्तात फार थोडा उतरतो. सालईच्या अर्काचे बरेचसे अभ्यास गुडघ्यावरचे आहेत. जबड्याच्या सांध्यावरचं काम बहुतांशी उंदरांवर किंवा मोजक्या रुग्णांवर झालेलं. या वनस्पती निरुपयोगी आहेत असं मुळीच नाही. पण त्यांचा गुण आला तरी हळूहळू येतो, आणि शिक्षिकेला दुसऱ्याच सकाळी आराम पडला होता. शंकेची पाल चुकचुकायला हवी ती इथे.

सांधेदुखीच्या अशा ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. त्याने भूक अचानक वाढते, चेहरा गोल दिसू लागतो, मधुमेह्याची साखर चढते, पित्त उसळतं. डबी संपली की दुखणं दामदुप्पट होऊन परत येतं आणि माणूस दुसरी डबी मागवतो. कित्येक आठवडे घेतलेल्या असतील तर त्या एकदम बंदही करू नका. डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, स्टिरॉइड उतरवत आणावं लागतं.

लेबलही वाचा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारखा आणि घटक असलेच पाहिजेत. नुसता 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, आजार बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही.

आणखी एक गिऱ्हाईक हे लोक मुद्दाम हेरतात: सुपारी-गुटखा खाणारा, ज्याचं तोंड कमी कमी उघडतंय आणि तिखट झोंबतंय. तिथे सांध्याचा संबंधच नसतो. गालाच्या आतलं आवरण ताठ होत असतं, त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तेलात घालवलेले महिने महागात पडतात. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येणं आणि कानशिलं दुखणं, हेही तातडीने दाखवायचं; नजर जाऊ शकते.

साध्या दुखण्याला बहुधा एवढं पुरतं: काही दिवस पेज, मऊ भात, खतखतें (भाज्यांचं मऊ कालवण) असं खाणं; कांकणं (बांगडीसारखे कडक पाव), ऊस आणि जत्रेतलं ते खाजं बंद; दिवसातून दोनदा 15 ते 20 मिनिटं ओला शेक, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले. रात्री दात खाण्याची सवय असेल, तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल किंवा जबडा अडकत असेल, तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा.

शिक्षिकेने डबी फेकून दिली होती, विक्रेत्याचा फोनही बंद. तुमच्याकडे असेल तर उरलेल्या कॅप्सूल डबीतच ठेवा, लेबल फाडू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपा आणि गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930.