कबड्डी स्पर्धेसाठी रिप्लेची सेवा: घ्यावी, पण कॅमेरा बोनस रेषेवर लावून घ्यावा

आमच्या मंडळाने यंदा कबड्डी स्पर्धेला थेट प्रक्षेपण आणि रिप्लेची सेवा घेतली. अलिबाग तालुक्यात आता बरीच मंडळं ती घेतात, आणि "काकी, पैसे वसूल होतात का?" असं विचारायला चौल-रेवदंड्यापासून पोयनाडपर्यंतची पोरं फोन करतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी कॉलेजात डावा कोपरा (बचावात डाव्या टोकाची जागा) खेळायचे, आता मंडळाचा जमाखर्च सांभाळते. खेळ आणि पैसा, दोन्हीकडे माझं लक्ष असतं.

दोन रात्रींचे २४,००० रुपये पडले. तीन कॅमेरे, लॅपटॉपवर बसणारा एक मुलगा, पडद्यावर गुणफलक. मोठा एलईडी पडदा आणि जनरेटर मंडळाचा. प्रक्षेपणवाली मुलं दुपारीच आली, बांबूची माची स्वतः उभी करून घेतली, वायरी लोकांच्या पायांत येणार नाहीत अशा बाजूने ओढल्या. चित्र स्वच्छ, आवाज बरा. नोकरीसाठी मुंबईला असलेली आमची माणसं शेवटच्या सामन्यापर्यंत बघत बसली होती. प्रक्षेपणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण आम्ही पैसे मोजले ते रिप्लेसाठी. गेल्या वर्षी उपांत्य सामना एका बोनसवरून अडला. पंचांनी गुण दिला नाही, लोक दोरी ओलांडून मैदानात आले, कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची भिरकावली आणि ती एका पंचाच्या खांद्याला लागली. तो माणूस दिवसा शाळेत खेळ शिकवतो, रात्री तुटपुंज्या मानधनावर पहाटेपर्यंत शिट्टी वाजवतो. पंच परीक्षा देऊन आलेला आहे. त्याला खांदा धरून मांडवात बसलेलं बघितलं आणि यंदाच्या सभेत खर्चाचा विषय मीच मांडला.

आता बोनसचंच घ्या, म्हणजे समोरच्या संघाच्या अर्ध्यातली बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. मुलांचा मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या समोर माचीवर, दुसरा अंतिम रेषेमागे, तिसरा हातात धरून फिरणारा. माचीवरून पाय तिरका दिसतो. अंतिम रेषेमागून पुढचा पाय दिसतो, पण मागचा टेकलाय की उचललाय हे पुढच्या पायाआड जातं. बोनस बघायचा तर कॅमेरा मैदानाच्या बाजूला, त्याच रेषेच्या सरळ रांगेत, गुडघ्याच्या उंचीवर लागतो. पंच मैदानाच्या बाजूला उभे असतात ते उगाच नाही. पहिल्या रात्री बोनसच्या ज्या ज्या तक्रारी आल्या, त्यांत रिप्ले बघूनही सरपंचांना (सामन्याच्या मुख्य पंचांना) जे उघड्या डोळ्यांनी दिसलं होतं त्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही.

टचचंही तेच. एका चढाईत कोपऱ्यावरच्या बचावपटूच्या पोटरीला बोट लागलं की नाही यावर दोन्ही बाजू पेटल्या. मुलाने चित्र थांबवलं तर बोटांच्या जागी नुसता पांढुरका धूर. दिवे एकाच बाजूला होते, उजेड कमी पडला की कॅमेऱ्याचं शटर हळू चालतं आणि वेगाने फिरणारा हात पुसट होतो. दुसऱ्या रात्री आम्ही समोरच्या बाजूला आणखी दोन हॅलोजन लावले, मुलाने कॅमेरा सेकंदाला पन्नास फ्रेमवर नेला, आणि फरक लगेच दिसला. हे त्याने आपणहून सुचवलं, त्याला शाबासकी.

खरा घोळ पडद्यामुळे झाला. पहिल्या रात्री रिप्ले एलईडीवर आधी आला आणि सरपंचांच्या लॅपटॉपवर नंतर. हजारेक डोळ्यांनी आपापला निकाल लावून टाकला. "ओ सरपंच, बोनस झाला, पडद्यावर बघा!" अशी आरोळी चारी बाजूंनी. अशा वेळी माणूस नियम बघेल की गर्दी? मी तिथल्या तिथे पडदा बंद करायला लावला. दुसऱ्या रात्री क्रम ठरवून दिला: शिट्टी झाली की आधी सरपंचांनी मैदानातला निर्णय हात वर करून जाहीर करायचा, मग लॅपटॉप बघायचा, आणि चित्रात उलट अगदी स्पष्ट दिसलं तरच निर्णय बदलायचा. त्यानंतरच पडद्यावर.

ही पद्धत माझी नाही. माझा पुतण्या सिडनीला असतो, त्याला तिथल्या रग्बी लीगचं वेड लागलंय. तेरा-तेरा जणांचा, धरून पाडण्याचा खेळ, कबड्डीवाल्याला पटकन कळतो. तिथल्या नॅशनल रग्बी लीगने २०१६ मध्ये ‘बंकर’ सुरू केला. सगळ्या सामन्यांचे रिप्ले सिडनीतल्या एकाच खोलीत तपासले जातात. ट्रायबद्दल (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांबद्दल) शंका असली तर रेफरी आधी स्वतःचा कौल सांगतो, आणि पुरेसा पुरावा सापडला तरच बंकर तो फिरवतो. २०२० पासून कर्णधारालाही एक आव्हान देता येतं. ते चुकलं की हक्क गेला, बरोबर ठरलं तर राहतो. एवढं सगळं असूनही प्रेक्षक रेफरीवर ओरडायचे थांबलेले नाहीत, आता बंकरवरही ओरडतात, असं पुतण्या सांगतो. पण ओरडायच्या आधी निर्णय कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं. मला तेवढंच हवं होतं, आणि दुसऱ्या रात्री ते मिळालं.

कॅमेरा सगळं सोडवतो असं मात्र कुणी समजू नये. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला झालेला आशियाई खेळांचा अंतिम सामना आठवा, भारत आणि इराण, २८-२८. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात (स्पर्श झाल्याशिवाय जिथे पाऊल टाकता येत नाही त्या कडेच्या पट्ट्यात) गेला, त्याच्यामागे इराणचे खेळाडूही गेले. चित्र स्पष्ट होतं. भांडण होतं ते जुना नियम लावायचा की नवा यावर. सामना बराच वेळ थांबला, खेळाडू मॅटवर बसून राहिले. भारत ३३-२९ जिंकला, पण तो खोळंबा बघताना जीव कासावीस झाला होता. म्हणून आम्ही यंदा प्रत्येक सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना राखीव क्षेत्र, तिसरी चढाई (लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्यावरची) आणि अव्वल पकड (तीन किंवा कमी खेळाडूंनी केलेली) यांचे नियम वाचून दाखवले. त्याला एक रुपया खर्च नाही.

मातीच्या मैदानावर मुलींचे सामने ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचा. पुरुषांची निदान रेषा (चढाईत निदान जी ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, महिलांची बोनस रेषा ४ मीटरवर. मध्ये अंतर फक्त २५ सेंटिमीटर. पुरुषांचा सामना संपला की फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी पूड, झाडूने पुसतात, पण ती पूर्ण जात नाही, आणि माचीवरच्या कॅमेऱ्यात जुनी रेषा नव्या रेषेसारखीच दिसते. आमच्या मुलींच्या सामन्यात चढाईपटूचा पाय त्या जुन्या रेषेपलीकडे गेला आणि निम्मा मांडव बोनस म्हणून उठला. पंच बरोबर होते. तिथे माती ओली करून दाबून घेतल्याशिवाय नवी फक्की मारू देऊ नका. मुलींचे सामने कसेतरी उरकायचे आणि रेषांची फिकीर फक्त पुरुषांच्या सामन्यांत करायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्याचा त्रास मी खेळताना सोसलाय, माझ्या पोरींनी तो सोसू नये.

तर सेवा घ्यावी का? घ्या. दुसऱ्या रात्री एकही संघ मैदान सोडून गेला नाही, एकही खुर्ची उडाली नाही. एका निर्णयात सरपंचांनी रिप्ले बघून स्वतः दिलेला गुण मागे घेतला, तेव्हा पाहुण्या संघाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ठरवताना नुसतं "तीन कॅमेरे" ऐकून हो म्हणू नका. ते कुठे लागणार ते विचारा. दोन्ही अर्धांत बोनस रेषेच्या रांगेत एकेक छोटा कॅमेरा हवाच. त्याचे तीन-चार हजार जास्त मागतील, द्या, हवं तर हातातला फिरता कॅमेरा कमी करा. लॅपटॉप गुणलेखकाच्या टेबलावर, प्रेक्षकांकडे पाठ करून. मुलाने तोंडाने "आऊट" किंवा "नाही" काही म्हणायचं नाही, फक्त चित्र दाखवायचं. आमचा मुलगा याबाबत पक्का होता, शेजारी कुणी कितीही डिवचलं तरी गप्प.

तारीख दिवाळीआधी पक्की करा, डिसेंबरपासून ही मुलं मोकळी मिळत नाहीत. आम्ही पुढच्या वर्षीचा विसार दिलाय आणि बोनस रेषेचे दोन कॅमेरे पावतीवर लिहून घेतलेत.