बिल वाचवलं, सहा खुर्च्या घालवल्या

टेम्पोवाल्याकडून इपॉक्सी (दोन डब्यांतला, कालवून लावायचा चिकटवणारा माल) घेऊ नका. आधी हे सांगतो, मग माझा मूर्खपणा.

मी सुतार, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातला. डिसेंबरात आंदणाच्या ६ सागवानी खुर्च्या होत्या. पाठ गोलाकार, एका खुर्चीला १६ सांधे, आणि सगळे एकदमच बसवावे लागतात. एक कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आधी घट्ट झालं की पुढचं खाचेत शिरत नाही. पांढरा गोंद तेवढा वेळ देत नाही, म्हणून इपॉक्सी. बारीक फटही भरून निघते. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

दुकानात रेझिन आणि हार्डनर या दोन डब्यांचा मिळून १ किलो ८०० ग्रॅमचा सेट १,८५० ला होता. बाजाराच्या दिवशी टेम्पोवाला म्हणाला, "कंपनीचाच माल हाय भाऊ, बिल नोका मागू, ११०० ला देतो." ३ सेट घेतले, ३,३०० रुपये मोबाइलवरून पाठवले. स्क्रीनवर नाव आलं कुण्या बाईचं. विचारलं नाही.

आणि ती सकाळ! झाकण उघडलं, हार्डनरला वासच नाही. सुकटीसारखा तो वास, ज्यामुळे बायको डबा घरात ठेवू देत नाही, तो नाही. उलट रेझिनला फायबरचे पत्रे ओततात तिथला वास. हात थांबला होता माझा. मग मीच मनाला समजावलं, कंपनीनं माल बदलला असेल. १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर काट्यावर तोलून कालवलं. इपॉक्सी कालवली की तापते, पण डब्यात उरलेलं कोमटसुद्धा झालं नाही. म्हटलं थंडी आहे. थंडीत इपॉक्सी उशिरा धरते हे खरंच आहे, कोणीही हेच समजला असता.

तिसऱ्या दिवशी सांधे दाबून धरणारे शिकंजे सोडले, खुर्ची उचलली, पाय हातात आला. सांध्यात नुसता बाभळीचा ओला डिंक. (सागाला तेल असतं, ॲसिटोननं पुसला होता का म्हणून विचारू नका. पुसला होता.) ते चिकट आत मुरलं की दुसरा गोंदही धरत नाही. लाकूड ९,४००, पोराची ५ दिवसांची मजुरी २,५००, डबे ३,३००. १५,२०० रुपये. वर मुलीच्या बापासमोर मान खाली.

पोलीस ठाण्यात गेलो. "बिल?" नाही. मोबाइलवरची नोंद दाखवली. "माल तर मिळाला ना तुम्हाला?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला तालुक्याला जा. तालुक्यानं परत तिथंच पाठवलं. एका बाबूनं तर अक्कल शिकवली, "धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही." साफ खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्यानं त्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फीही नाही. हे मी पोराच्या मोबाइलवर वाचलं, पगार घेणाऱ्यानं सांगितलं नाही. पण तक्रार करू कुणावर? टेम्पोचा नंबर कुठं लिहून घेतला होता मी?

झाकणाखालचं सील बघा. माझ्या डब्यांवरचा बॅच नंबर खरवडलेला होता, तो मला नंतर दिसला. नवा डबा आला की दोन टाकाऊ तुकडे चिकटवा, दोन रात्री राहू द्या, मग हातोडी हाणा. लाकूड फाटलं पाहिजे, सांधा नाही.

परवा सावली गावाकडच्या एका मिस्त्रीचा फोन आला. त्यानंही ११०० नंच घेतलेत, २ सेट, अजून उघडले नाहीत. म्हटलं आधी डब्यांचे फोटो काढ, मग झाकण उघडून नुसता वास घे.