पुस्तक आधी की सिनेमा? दोन मुलं, एक मॅक्स

मे महिन्याच्या सुट्टीत ताईची दोन्ही मुलं साताऱ्याला माझ्याकडे असतात. भाचा सहा वर्षांचा, भाची अकराची. यंदा त्यांच्यासाठी दोन गोष्टी आणून ठेवल्या होत्या: मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे 1963 सालचं चित्रपुस्तक, आणि त्यावरून स्पाइक जोन्झने 2009 मध्ये केलेला त्याच नावाचा चित्रपट. एकाच आठवड्यात दोन्ही झाले. तेव्हापासून आमच्या पेठेतल्या दोन-तीन आयांनी विचारलंय, "आमच्या पोरांना आधी काय द्यायचं?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट एवढीशी आहे. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरभर धिंगाणा घालतो, आईला म्हणतो, "तुला खाऊन टाकीन." आई त्याला न जेवताच झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत झाडं उगवायला लागतात, रान होतं, समुद्र येतो, आणि होडीत बसून तो रानभुतांच्या मुलखात जाऊन त्यांचा राजा होतो. मग घरची आठवण येते आणि परत येतो, तर जेवण खोलीत वाट पाहत असतं, अजून गरम. 'रानभुतं' हा शब्द भाच्याचा. मी आधी 'रानटी प्राणी' म्हणत होते. चित्रं नीट पाहून त्याने सांगितलं, "प्राणी नाहीत गं मावशी, भुतं आहेत, रानातली." तिथून पुढे आमच्या घरात तोच शब्द.

पुस्तकात सगळे मिळून 338 शब्द आहेत. पाच मिनिटांत वाचून होतं, पण आम्हाला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. कारण खरी गोष्ट चित्रांच्या आकारात आहे. सुरुवातीला चित्र लहान, भोवती पांढरी मोकळी जागा भरपूर. मॅक्सचा राग जसा वाढतो तसं चित्र वाढत जातं, पान भरतं, शेजारच्या पानावर सांडतं. रानभुतांचा दंगा सुरू होतो तिथे दोन्ही पानं भरून नुसती चित्रंच, सलग तीन वेळा, अक्षर एकही नाही. तिथे मी गप्प बसायची आणि भाचा ओरडायचा, नाचायचा. परतीच्या वाटेवर चित्रं पुन्हा आकसतात आणि शेवटच्या पानावर चित्रच नसतं, फक्त जेवण अजून गरम आहे एवढे शब्द. ते वाचलं की तो शांत व्हायचा. राग चढला, रागाला मोकळं रान मिळालं, राग उतरला, जेवण झालं. सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नाही.

मराठीत वाचताना एक जागा अशी सोपी झाली की मलाच नवल वाटलं. मॅक्स निघतो तेव्हा रानभुतं म्हणतात, जाऊ नकोस, आम्हाला तू इतका आवडतोस की खाऊन टाकू. इथे मुलाला काही समजावून सांगावंच लागलं नाही. आमची आई नातवाचा गालगुच्चा घेऊन रोज हेच म्हणते, "असा गोड आहेस ना, खाऊनच टाकीन." आईला रागाने म्हटलेलं 'खाऊन टाकीन' आणि भुतांनी मायेने म्हटलेलं 'खाऊन टाकू' यांतलं नातं भाच्याला लगेच कळलं. पुढे दोन दिवस घरात सगळे एकमेकांना खात होते.

आता चित्रपट. 101 मिनिटांचा आहे. इतक्या थोड्या शब्दांच्या पुस्तकातून एवढा मोठा सिनेमा करायचा म्हणजे बरंच काही नव्याने लिहावं लागणार, आणि जोन्झने डेव्ह एगर्सबरोबर ते लिहिलंय. सेंडॅक स्वतः या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक होता, त्यामुळे त्याच्या गोष्टीवर कुणी जबरदस्ती केली असं मी मानत नाही.

पुस्तकात मॅक्सची आई एकाही चित्रात दिसत नाही. चित्रपटात ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच मन भरून टाकते. एकटीने घर चालवणारी, कामाच्या फोनने गांजलेली बाई. मॅक्स तिच्या टेबलाखाली पायांशी आडवा पडलाय, आणि तिला एक गोष्ट सांगतोय. ती थकलेली असूनही ती गोष्ट टाइप करून घेते. ताई मुलांना न्यायला त्याच दिवशी आली होती, गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. या प्रसंगाला तिचे हात थांबले. ती घरून काम करते आणि भाचा तिच्या टेबलाखालीच खेळत मोठा झालाय. भाचा मात्र तोवर विचारत होता, "भुतं कधी येणार?"

खोलीत रान उगवणं चित्रपटात नाही. पुस्तकातली सगळ्यात जादूची जागा गाळली आहे आणि मला ती चुकल्यासारखी वाटते. इथे मॅक्स आईला चावतो, घराबाहेर पळतो, होडी सापडते. भुतं दिसायला अप्रतिम. माणसांच्या अंगावरचे खरेखुरे भले मोठे पोशाख, चेहऱ्यांवरचे भाव तेवढे संगणकावर केलेले. त्यामुळे ती झाडावर आपटली की वजन जाणवतं. पण ती बोलायला लागली की ओळखीची वाटतात: एकत्र कुटुंबातली रुसलेली मोठी माणसं. कॅरलला (आवाज जेम्स गँडोल्फिनीचा) वाटतं, सगळ्यांनी कायम एकत्रच राहावं. केडब्ल्यूला नवे मित्र मिळालेत. ज्युडिथ टोचून बोलते. नव्या राजाला कॅरल विचारतो, तू सगळं दुःख बाहेर ठेवशील का? पोरगं 'हो' म्हणतं, आणि इथून पुढे मोठ्या माणसाला कळत राहतं की हे निभणार नाही.

भाचा साधारण चाळिसाव्या मिनिटाला उठून गच्चीवर कुरडयांची राखण करायला गेला. परत आला तेव्हा कॅरल डग्लस नावाच्या दुसऱ्या भुताचा हात उपटत होता. तो घाबरला आणि माझ्या पदराआड बसला. रक्त नाही, हाताच्या जागी वाळूच गळते, पण लहान मुलाला तेवढं पुरतं. लहान मुलांसाठी 'नको' म्हणायला मला हे एकच कारण पुरेसं आहे.

भाचीचं वेगळंच झालं. चित्रपटाच्या सुरुवातीला मॅक्स बर्फात एक किल्ला खणतो, खेळता खेळता बहिणीचे मित्र त्यावर उडी मारतात आणि तो मोडतो. आत मॅक्स असतो. हे पाहताना भाची सरकून ताईला चिकटली. मागच्या दिवाळीत तिने अंगणात किल्ला केला होता. साताऱ्यातल्या पोरांचा किल्ला म्हणजे समोर अजिंक्यतारा बघत केलेला, बुरूज, तळं, हळीव पेरून केलेली हिरवळ. हळीव बोटभर उगवले त्या दिवशी गल्लीतल्या मोठ्या मुलांनी पळापळीत तो तुडवला. मुद्दाम नव्हे. आम्ही सगळे "परत कर, त्यात काय!" म्हणालो. ती रडली नव्हती, नुसती आत जाऊन बसली होती. चित्रपटात पुढे कॅरलनेही काड्यांचं एक इवलंसं गाव केलेलं असतं आणि रागाच्या भरात तो स्वतःच ते मोडून टाकतो. भाची हळूच म्हणाली, "मीसुद्धा उरलेला बुरूज मीच मोडला होता." ताईला आणि मला हे माहीतच नव्हतं. सहा महिने.

म्हणून निवड करायची तर माझं मत असं. मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर पुस्तकच, आणि तेही इंग्रजी वाचून अर्थ सांगत बसू नका, सरळ मराठीत बोला. चित्रपट त्याला सध्या दाखवूच नका, तो कंटाळेल किंवा घाबरेल. दहा-अकराच्या पुढचं, घरात काही बदलताना पाहिलेलं मूल असेल तर चित्रपट दाखवा, पण शेजारी बसून, मोबाइल बाजूला ठेवून. मधल्या वयाच्या मुलांचं तुम्हीच ठरवा, तुमच्या मुलाला गप्प राहायची सवय आहे की बोलून टाकायची, यावर ते ठरेल. त्याआधी एकदा मुलं झोपल्यावर एकट्याने पाहा. हा चित्रपट खरं तर तुमच्यासाठीच आहे. 'श्यामची आई' लावली की आमच्याकडे आधी आजीचा पदर डोळ्यांना जायचा, मुलं नंतर. तसंच काहीसं इथे होतं.

दोन्ही दाखवायचं असेल तर पुस्तक आधी, यात मला शंका नाही. पुस्तकातलं जेवण गरम होतं हे माहीत असलेल्या मुलाला चित्रपटाचा शेवट कळतो. तिथे मॅक्स जेवतो, आई समोर बसून त्याच्याकडे बघत राहते आणि बघता बघता तिचा डोळा लागतो. ताईने तो शेवट पुन्हा लावून पाहिला. भाचा तोवर तिच्या मांडीवर झोपला होता, आणि गवार तशीच राहिली होती.